घरात कुणी सुईने नशा घेत असेल तर: एचआयव्ही आणि ओव्हरडोस टाळण्याचा क्रम

तुमच्यासमोर आत्ता कुणी बेशुद्ध पडलेले असेल तर बाकी सगळे सोडा आणि थेट टप्पा ५ वाचा.

गर्द किंवा ब्राऊन शुगर (म्हणजे भेसळीचे हेरॉइन) किंवा गुंगीची इंजेक्शने घेणाऱ्या माणसाच्या घरी बहुतेक वेळा एकच क्रम चालतो. आधी मारझोड, मग घराबाहेर, मग कुणीतरी सुचवले म्हणून खासगी केंद्रात तीन महिने, मग घरी परत. आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो संडासात किंवा रुळांच्या कडेला मेलेला सापडतो. एचआयव्हीची चाचणी या सगळ्यात कधी झालेलीच नसते. यातले प्रत्येक पाऊल घरच्यांनी जीव तोडून उचललेले असते, पण क्रम उलटा असतो. आधी तो एकट्याने मरणार नाही याची व्यवस्था, मग त्याची स्वतःची सुई, मग चाचणी, मग औषध. नशा पूर्ण सुटण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. जिवंत माणसाचीच नशा सुटू शकते, म्हणून हा क्रम.

राष्ट्रीय पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के असताना सुईने नशा घेणाऱ्यांमध्ये ते २०१७ साली ६.२६ टक्के होते. नुसत्या रसायनाने एवढी तफावत पडत नाही. ती पडते लपवाछपवीमुळे. घरात जागा नाही, खिशात सिरिंज सापडली तर पोलीस धरतील ही भीती, मेडिकलवाला सिरिंज देत नाही, म्हणून अड्ड्यावर जी असेल ती वापरायची. खालच्या प्रत्येक टप्प्यात ही लपवाछपवी कमी कशी करायची ते पाहायचे आहे.

## तयारी: सुरुवात करण्याआधी

तो नेमके काय घेतो हे विचारून लिहून ठेवा. 'नशा करतो' एवढे कळून भागत नाही. गर्द ओढतो की टोचतो? ब्युप्रेनॉर्फिन किंवा पेंटाझोसिन या वेदनाशामकांचे इंजेक्शन? सोबत एव्हिल (अॅलर्जीवरचे गुंगी आणणारे औषध) मिसळतो का? झोपेच्या गोळ्या (मालेगावकडे अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' म्हणतात), दारू? एमडी (मेफेड्रोन) घेत असेल तर तो वेगळाच प्रकार आहे, त्यावर टप्पा ५ मधला नॅलॉक्सोन (गर्दसारख्या नशेच्या ओव्हरडोसवरचा उतारा) चालत नाही. ही चार ओळींची चिठ्ठी डॉक्टरच्या हातात दिली तर अर्धा तास वाचतो.

हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२, एचआयव्हीची माहिती आणि जवळचे केंद्र कळण्यासाठी १०९७, व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६.

बोलण्याची भाषा बदला. 'गर्दुल्ला' हा शब्द घरातून हद्दपार करा. हा शिष्टाचाराचा मुद्दा नाही. ज्या घरात हा शब्द चालतो त्या घरात तो 'आज जास्त झाली' हे कधीच सांगणार नाही, आणि ते एक वाक्य वेळेवर कळणे हाच ओव्हरडोसवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बायको किंवा मुलगी नशा घेत असेल तर हे दुप्पट लागू पडते. बायका लाजेमुळे केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत आणि बहुतेक वेळा जोडीदाराने वापरलेली सुई त्यांच्या वाट्याला दुसऱ्या नंबरावर येते.

## टप्पा १: दार

ओव्हरडोसचे मृत्यू बहुतांश बंद दाराआड होतात. उपचार असतो, वेळही असते, फक्त कुणाला कळत नाही.

१. घरातल्या संडास-बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येईल असे कुलूप लावा. दार आत उघडणारे असेल तर बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असे करून घ्या. लहान बाथरूममध्ये कोसळलेला माणूस दाराला आतून टेकतो, आणि बाहेरून चार जणांनी रेटा दिला तरी दार उघडत नाही. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

२. त्याच्याशी एकच करार करा: आत गेलास की दर काही मिनिटांनी हाक मारू, उत्तर आले नाही तर दार उघडू. त्यावर ओरडणार नाही, झडती घेणार नाही. हा करार एकदा मोडलात की तो पुन्हा घरात घेणार नाही, पुलाखाली जाऊन घेईल.

३. चाळीत किंवा वस्तीत सार्वजनिक संडास असेल तर त्याच्यासोबत कोण असते ते माहीत करून घ्या आणि त्या मित्रालाही टप्पा ५ शिकवा. तो मित्र तुम्हाला पसंत नसेल, पण त्या क्षणी तिथे तोच असणार आहे.

सावधान: घराबाहेर काढणे हा धडा शिकवण्याचा उपाय समजला जातो. प्रत्यक्षात बाहेर पडलेल्या माणसाकडे सुई ठेवायला जागा नसते, पाणी नसते, आणि घाईघाईत टोचून निघावे लागते. एचआयव्ही, कावीळ, गळू आणि ओव्हरडोस या चारही गोष्टींचा धोका त्याच दिवसापासून वाढतो.

## टप्पा २: ज्याची सुई त्याची

महाराष्ट्रात राज्य एड्स नियंत्रण संस्था (मुंबईत स्वतंत्र जिल्हा संस्था आहे) स्वयंसेवी संस्थांमार्फत सुईने नशा घेणाऱ्यांसाठी प्रकल्प चालवते. ज्या भागात असे प्रकल्प आहेत तिथे ड्रॉप-इन सेंटर (कधीही येऊन बसता येईल असे केंद्र) असते, पीअर एज्युकेटर (त्यांच्यातलाच प्रशिक्षित कार्यकर्ता) वस्तीत फिरतो, आणि नव्या सिरिंज-सुया मोफत मिळतात. जवळचे केंद्र १०९७ वर कळेल.

१. हिशोब करा. दिवसातून तीन वेळा टोचत असेल तर आठवड्याला २१ सुया. त्यात सणाच्या सुट्ट्या, रविवार आणि वाकलेल्या-तुटलेल्या सुयांसाठी चार-पाच वाढवा. नेहमी होणारी चूक ही की दोन-तीन सुया आणून 'मिळाल्या' असे समजायचे. मग तीच सुई चौथ्यांदा बोथट होते, शीर फाटते आणि रात्री शेजाऱ्याची सुई घेतली जाते.

२. बाकीचे सामानही वेगळे हवे. सुई नवी असली तरी वितळवायचे झाकण, पाणी आणि गाळायचा कापूस चौघांत एकच असेल तर हिपॅटायटिस सी त्यातूनच पसरतो. एका सिरिंजमध्ये माल बनवून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये मागून भरणे हीसुद्धा सुई वाटून घेण्याइतकीच धोक्याची गोष्ट आहे. बहुतेक जण ती मोजतच नाहीत. 'सुई शेअर करतोस का' असे विचारले तर 'नाही' म्हणतील. 'माल कसा वाटता' असे विचारा.

३. धुणे हा पर्याय नव्हे. सिरिंजमध्ये अडकलेल्या रक्तात एचआयव्ही प्रयोगशाळेत ४२ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. साध्या पाण्याने तो जात नाही, आणि ब्लीचने धुणे हा काहीच उपाय नसतानाचा अर्धवट इलाज आहे.

४. वापरलेली सुई. टोपण परत लावू नका, बोटाला टोचते. जाड प्लास्टिकचा झाकणवाला डबा (फिनेलचा रिकामा कॅन चालतो) ठेवा, तीन-चतुर्थांश भरला की केंद्रात परत द्या. घंटागाडीत टाकू नका. तो कचरा उघड्या हातांनी वेगळा करणारा कामगार असतो.

तपासा: घरात आज रात्रीसाठी आणि उद्यासाठी न फोडलेल्या सुया आहेत का? नसतील तर हा टप्पा अजून झालेला नाही.

पोलिसांच्या भीतीबद्दल दोन शब्द. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी राबवलेले उपाय, त्यात सुया-सिरिंज देणे-बदलणे आणि पर्यायी औषधोपचारही येतात, गुन्हा ठरत नाहीत. माल जवळ असणे हा मात्र गुन्हाच राहतो. म्हणून केंद्राचे ओळखपत्र सोबत ठेवायला सांगा. त्रास झाला तर स्वतः हुज्जत न घालता प्रकल्पाच्या व्यवस्थापकाला फोन करा, अशा वेळी बोलणे हा त्यांच्या कामाचा भाग असतो.

## टप्पा ३: चाचणी

चाचणी टप्पा २ नंतर का? सुया मिळायला लागल्या की केंद्राशी ओळख होते, आणि ओळखीच्या माणसाबरोबर तो चाचणीला जातो. ओढत नेलेला माणूस निकाल घ्यायला येत नाही.

१. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) एचआयव्हीची चाचणी मोफत होते. संमतीशिवाय चाचणी करणे किंवा निकाल दुसऱ्याला सांगणे २०१७ च्या कायद्याने मना आहे. 'मुलाचा रिपोर्ट मला द्या' म्हणून काउन्सेलरशी भांडू नका. निकाल गुप्त राहील याची खात्री पटली तरच तो सुईची खरी हकीकत सांगतो.

२. त्याच खेपेत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिसची तपासणी मागा. 'एचआयव्ही निगेटिव्ह आला' म्हणून लोक निर्धास्त होतात आणि हिपॅटायटिस सी तसाच राहतो. त्याचे उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, आणि यकृत आकसलेले नसेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांत तो बरा होतो. मात्र पुन्हा सुई वाटून घेतली तर पुन्हा होतो.

३. निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. शेवटच्या काही आठवड्यांतला संसर्ग पहिल्या चाचणीत दिसत नाही. टोचणे चालू असेपर्यंत दर सहा महिन्यांनी.

४. जोडीदाराची चाचणीही करा. इथे टाळाटाळ सगळ्यात जास्त होते.

५. पॉझिटिव्ह आला तर एआरटी (एचआयव्हीवरचे रोजचे औषध) लगेच सुरू होते, सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारपेशींची संख्या) खाली येण्याची वाट पाहत नाहीत. सध्या बहुतेकांना दिवसाला एक टीएलडी गोळी (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र) मिळते. नियमित घेऊन रक्तातले विषाणू मोजण्याइतकेही उरले नाहीत, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. सुई वाटून घेण्याला मात्र ही खात्री लावू नका.

तातडीचे: पॉझिटिव्ह माणसाची सुई कालच वापरली असे कळले तर 'बघू' म्हणू नका. पीईपी (संपर्कानंतर संसर्ग रोखणारे औषध) ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू व्हावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते. सरळ सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा एआरटी केंद्रात जा. द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

## टप्पा ४: ओएसटी, म्हणजे जिभेखालची गोळी

ओएसटी (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी) म्हणजे गर्दच्या जागी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, रोज, देखरेखीखाली. टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास: अंगदुखी, नाक गळणे, जांभया, जुलाब) थांबते, सुई सुटते, कामावर जाता येते. 'एक नशा सोडून दुसरी लावली' म्हणून घरचे ती बंद करायला लावतात. रक्तदाबाची गोळी कुणी अशी बंद करायला लावत नाही.

- पहिला डोस टर्की सुरू झाल्यावरच. गर्द घेतल्यानंतर साधारण ८ ते १२ तास जावे लागतात. आधी घेतली तर गोळीच टर्की आणते, तीही तुफान, आणि तो माणूस पुन्हा केंद्रात पाय ठेवत नाही. शेवटचे कधी घेतले हे खरे सांगायला हवे.
- गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर परिणाम जवळपास जातो. तेवढी मिनिटे पाणी नाही, बोलणे नाही.
- सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर ओएसटीवर असतानाही श्वास थांबू शकतो.
- टीबी झाला तर ओएसटीच्या आणि एआरटीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टीबीच्या औषधातले रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम कमी करते. तीन-चार दिवसांत टर्की येते आणि घरच्यांना वाटते की हा पुन्हा बहाणे करतोय. डोल्युटेग्राव्हिरचा डोसही रिफाम्पिसिनबरोबर दिवसातून दोनदा करावा लागतो.
- काही दिवस खंड पडला तर जुना डोस घरच्या घरी सुरू करायचा नाही. डॉक्टर कमी डोसपासून चढवतात.

केंद्राची वेळ हीच इथली खरी अडचण असते. नाक्यावर कामाला उभे राहणाऱ्याला सकाळी आठला तिथे असावे लागते आणि केंद्र दहाला उघडते. महिनाभर दिवसाची मजुरी बुडवून तो टिकणार नाही. लवकरची वेळ किंवा घरी न्यायचे डोस मिळतील का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

## टप्पा ५: ओव्हरडोस, क्रमाने

ओळखा. हाक मारून उठत नाही. ओठ-नखे निळी किंवा राखाडी. श्वास अगदी संथ, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी, किंवा घशात घरघर. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ती घरघर ऐकून 'घोरतोय, झोपू दे' म्हणत दार लोटून घेणे ही सगळ्यात जीवघेणी चूक आहे.

१. नावाने जोरात हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात चोळा. हलला नाही तर पुढे.

२. १०८ लावा. 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही' एवढे वाक्य पुरते. पत्ता खुणेसह सांगा, एक जण गल्लीच्या तोंडाशी उभा करा. फोन स्पीकरवर ठेवा.

३. श्वास द्या. उताणा झोपवा. तोंडात काही असेल तर काढा. कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास, मग दर पाच सेकंदांना एक. छाती वर उचलली जाते का पाहा. उचलली नाही तर डोके पुन्हा मागे करा. गर्दने श्वास थांबतो आणि प्राणवायू न मिळाल्याने माणूस मरतो, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचे काम हेच. श्वास अजिबात नसेल आणि जिवंतपणाची एकही खूण नसेल, तर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास असे चक्र चालू ठेवा. दाब मिनिटाला १०० ते १२० आणि सुमारे पाच सेंटिमीटर खोल हवा.

४. नॅलॉक्सोन असेल तर द्या. भारतात ते साधारणपणे इंजेक्शनच्या रूपात मिळते, १ मिलीच्या काचेच्या अॅम्प्युलमध्ये ०.४ मिलिग्रॅम. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा नसते. ओएसटीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयाच्या औषध दुकानातून आधीच आणून ठेवा. किमान दोन अॅम्प्युल, दोन सिरिंज, आणि देण्याचे प्रशिक्षण केंद्रातूनच घ्या. अॅम्प्युल टिचकीने झटका, म्हणजे मानेतले औषध खाली येते. मान रुमालात धरून स्वतःपासून दूर मोडा. सगळे सिरिंजमध्ये ओढा. मांडीच्या बाहेरच्या भागात सुई सरळ आत, कपड्यातूनही चालते. शीर शोधत बसू नका. श्वास देणे चालूच ठेवा. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस.

५. श्वास परत आला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे, हात गालाखाली. उलटी झाली तरी घशात जाणार नाही.

६. सोडून जाऊ नका. नॅलॉक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो, आतली नशा त्याहून जास्त वेळ टिकू शकते, आणि श्वास पुन्हा थांबू शकतो. तो जागा होईल तेव्हा टर्कीत असेल, चिडेल, आणि पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा माल मागेल. नेमके त्याच वेळी घेतले तर दुसरा ओव्हरडोस होतो. रुग्णालयात न्याच.

ब्युप्रेनॉर्फिनच्या ओव्हरडोसला नॅलॉक्सोन जास्त लागते. झोपेच्या गोळ्या आणि दारूवर ते चालतच नाही. तिथे फक्त श्वास देणे आणि रुग्णालय.

हे करू नका: मिठाच्या पाण्याचे किंवा दुधाचे इंजेक्शन, तोंडात लिंबू पिळणे, कांदा हुंगवणे, अंगावर बादलीभर पाणी, चालवत फिरवणे, ओकारी काढणे. यातले एकही श्वास चालू करत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले सगळे फुफ्फुसात जाते.

## टप्पा ६: धोक्याचे दिवस कॅलेंडरवर मांडा

नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती काही दिवसांतच उतरते. डोक्यात मात्र जुनाच हिशोब असतो. पूर्वीची एक पुडी आता जीव घेते. धोक्याचे दिवस हे:

- तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे
- व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावरचा पहिला महिना
- गावाहून, यात्रेहून किंवा रुग्णालयातून परत आल्यावर
- ओएसटी मध्येच सोडल्यावर
- नेहमीचा विकणारा बदलला, मालाची ताकद माहीत नाही तेव्हा
- पगाराचा दिवस

या दिवसांत घरात कुणीतरी रात्रीही असेल असे बघा आणि स्पष्ट बोला: 'घ्यायचेच झाले तर एकटा घेऊ नकोस, आधी अगदी थोडे घे, गोळ्या-दारू मिसळू नकोस.' हे बोलणे म्हणजे परवानगी देणे, असे अनेक आयांना वाटते. न बोलल्याने त्याचे घेणे थांबत नाही, फक्त त्या वेळी तुम्ही जवळ नसता.

केंद्रात ठेवायचेच असेल तर आधी जाऊन पाहा: मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, डॉक्टर कधी येतात, टर्कीत औषध देतात का. माणसाला साखळीने बांधणे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार बंद आहे. बाहेर पडतानाच जवळच्या ओएसटी केंद्राची भेट ठरलेली हवी.

## टप्पा ७: रुग्णालय आणि पोलीस

तातडीच्या विभागात काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा, तयारीतली चिठ्ठी द्या. पोलिसांकडे नोंद (एमएलसी) होऊ शकते, पण नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे बजावले आहे. 'आधी पोलीस येऊ द्या' असे कुणी म्हटले तर वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा आणि उपचार नाकारल्याचे लिहून मागा.

फक्त सेवनाचा किंवा थोडी मात्रा जवळ असल्याचा गुन्हा दाखल झाला (हेरॉइनसाठी थोडी मात्रा म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत), तर वकिलाला एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याचे कलम ६४-अ दाखवा. सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला त्याखाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. म्हणून ओएसटीच्या हजेरीची नोंद आणि चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच्याकडे नव्हे, तुमच्याकडे ठेवा. रस्त्यावरच्या धाडीत कागद सगळ्यात आधी जातात.

अटक झालीच तर पहिल्याच भेटीत दोन गोष्टी पोहोचवा: तो एआरटीवर किंवा ओएसटीवर आहे हे न्यायाधीशांसमोर सांगणे आणि औषधांची चिठ्ठी कारागृहाच्या डॉक्टरकडे. सुटकेची तारीख कळली की टप्पा ६ मधले दोन आठवडे तिथून मोजायला घ्या, आणि नॅलॉक्सोनच्या अॅम्प्युलवरची मुदत त्याच दिवशी तपासा.